नायट्रो इंजिनातील अडकलेले बेअरिंग काढणे

नायट्रो इंजिनातील अडकलेले बेअरिंग काढणे ही रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती मोटारी, विमाने व होड्या यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या लहान ग्लो प्लग इंजिनाच्या पुनर्बांधणीतील एक प्रक्रिया आहे. अशा इंजिनाचा क्रँकशाफ्ट दोन छर्रा बेअरिंगांवर फिरतो. ही बेअरिंगे ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये घट्ट दाबून बसवलेली असतात. वापरामुळे, गंजामुळे किंवा जळलेल्या तेलाच्या थरामुळे ती आपल्या जागी आणखी पक्की होतात आणि हाताने वा साध्या दाबाने निघत नाहीत.

या प्रक्रियेत काढायचे बेअरिंग बहुधा टाकाऊच असते. जपायची असते ती क्रँककेस. बेअरिंग ठराविक मापाचे असते व बदलता येते. परंतु ते ज्या बैठकीत बसते तिच्यावर ओरखडा उमटला किंवा ती लंबगोल झाली, तर ती पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून बेअरिंगवर जोर लावण्यापेक्षा उष्णतेने बैठक मोठी करणे, हे या कामाचे मूलतत्त्व मानले जाते.

== पार्श्वभूमी ==

नायट्रो इंजिन हे टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांचे अंतर्ज्वलन इंजिन होय. त्याच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेल यांचे मिश्रण असते. मोटारींसाठीच्या इंधनात नायट्रोमिथेनचे प्रमाण सामान्यतः १६ ते ३० टक्के असते. वंगणासाठी एरंडेल, कृत्रिम तेल किंवा दोहोंचे मिश्रण वापरतात. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे असलेला ग्लो प्लग सुरुवातीला विजेने तापवला जातो. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलवर होणारी प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया यांमुळे ते वेटोळे तापलेले राहते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये असा ग्लो प्लग बाजारात आणला आणि त्यानंतर प्रतिकृती विमानांतील ठिणगी-प्रज्वलन पद्धत झपाट्याने मागे पडली.

इंजिनाचा आकार पारंपरिक पद्धतीने घन इंचाच्या दशांशात सांगतात. ०.१२ गटातील इंजिनाची घनक्षमता सुमारे २ घन सेंटिमीटर, तर ०.२१ गटातील इंजिनाची सुमारे ३.५ घन सेंटिमीटर असते. ०.२१ गटाची इंजिने प्रामुख्याने मूळ वाहनाच्या एक-अष्टमांश प्रमाणातील मोटारींमध्ये बसवली जातात. या लेखात उदाहरणादाखल याच गटातील इंजिन घेतले आहे. तथापि पद्धत इतर आकारांनाही लागू पडते.

अशा इंजिनाचा शाफ्ट मिनिटाला ३०,००० हून अधिक फेरे घेऊ शकतो. तेलाची वेगळी टाकी किंवा पंप नसल्याने बेअरिंगांना मिळणारे सर्व वंगण इंधनातूनच येते. त्यामुळे इंजिनातील सर्वाधिक झिजणाऱ्या भागांत पिस्टन व स्लीव्ह यांच्याबरोबर बेअरिंगांचाही समावेश होतो.

== बेअरिंगांची जागा व रचना ==

छर्रा बेअरिंगाचे चार मुख्य भाग असतात: बाहेरील कडे, आतील कडे, त्यांमधील पोलादी छर्रे आणि छर्ऱ्यांना समान अंतरावर ठेवणारा पिंजरा. काही महाग बेअरिंगांत पोलादाऐवजी सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिक पदार्थाचे छर्रे असतात.

०.२१ गटातील बहुतेक इंजिनांत पुढील बेअरिंग आतून ७, बाहेरून १९ आणि जाडीला ६ मिलिमीटर असते. मागील बेअरिंग बरेच मोठे असून त्याचे आतील माप सुमारे १४, बाहेरील माप २५.४ आणि जाडी ६ मिलिमीटर असते. पुढील बेअरिंगाच्या बाहेरच्या अंगाला धूळ अडवणारे झाकण असते. मागील बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडे असते, कारण क्रँककेसमधील इंधनमिश्रित तेल त्यातून खेळते राहावे लागते.

बाहेरील कडे क्रँककेसमध्ये घट्ट बसते, म्हणजे कड्याचे माप बैठकीपेक्षा किंचित मोठे असते. हा फरक साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. आतील कडे व शाफ्ट यांची बसणी मात्र सरकती असते. म्हणून निरोगी इंजिनात शाफ्ट हाताने किंवा हलक्या ठोक्याने बाहेर येतो आणि बेअरिंगे केसमध्येच राहतात.

दोन्ही बेअरिंगांमध्ये शाफ्टसाठी एक नळीसारखा मार्ग असतो. कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण या नळीतून, शाफ्टवर कापलेल्या खिडकीवाटे, पोकळ शाफ्टमध्ये शिरते व क्रँककेसमध्ये पोहोचते. मिश्रणाची गळती होऊ नये म्हणून नळी आणि शाफ्ट यांच्यात अत्यल्प फट ठेवलेली असते. परिणामी नळीचा व्यास मागील बेअरिंगाच्या आतील छिद्राइतकाच, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटर असतो.

बेअरिंग काढण्याच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे. मागच्या बाजूने नळीत घातलेला दांडा पुढील बेअरिंगाच्या आतील कड्यावर टेकतो, कारण त्याचे छिद्र अवघे ७ मिलिमीटरचे असते. त्यामुळे ते पुढे ढकलता येते. याउलट पुढच्या बाजूने घातलेला दांडा मागील बेअरिंगाच्या छिद्रातून आरपार निघून जातो. मागील बेअरिंगाचे बाहेरील कडे पायरीला टेकलेले आणि पूर्णपणे झाकलेले असते. त्याच्या पाठीमागे ठोकण्यासाठी जागाच उरत नाही. पुनर्बांधणीत अडून बसणारे बेअरिंग बहुतेक वेळा मागीलच असते, ते यामुळे.

== बेअरिंग खराब होण्याची व अडकण्याची कारणे ==

बेअरिंग खराब झाल्याची लक्षणे इंजिन न उघडताही दिसू शकतात. गतिचक्र धरून वरखाली हलवल्यास शाफ्टमध्ये ढिलेपणा जाणवतो, ग्लो प्लग काढून शाफ्ट हळू फिरवल्यास खरखर लागते किंवा पुढील बेअरिंगातून इंधन ठिबकते. पुढून हवा आत शिरत असल्यास इंजिनाची मंद गती अस्थिर होते. मागील झाकण उघडल्यावर तांबूस-तपकिरी तेल दिसणे ही गंजाची खूण होय. असे इंजिन चालवत राहिल्यास पिंजऱ्याचे तुकडे क्रँककेसमधून वाहिन्यांवाटे ज्वलनकक्षात जातात आणि पिस्टन व स्लीव्ह ओरखडून टाकतात.

बेअरिंग केसमध्ये अडकण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* '''गंज''': मिथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते. शिवाय नायट्रोमिथेनयुक्त इंधनाच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष निर्माण होतात. इंजिन बंद केल्यावर आत उरलेले इंधन तसेच राहिल्यास पोलादी कड्यांवर गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने कडे बैठकीत आवळले जाते.
* '''दोन धातूंचा संपर्क''': पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यामध्ये ओलावा शिरला, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियमचे क्षरण होते. त्यातून तयार होणारी पांढरी पूड दोन्ही पृष्ठभागांमधील सूक्ष्म जागा भरून काढते.
* '''तेलाचा थर''': एरंडेल उष्णतेने घट्ट होऊन तपकिरी वार्निशासारखे चिकटते. थंड असताना हा थर डिंकासारखा काम करतो.
* '''आधीची दुरुस्ती''': सैल झालेल्या बैठकीत बेअरिंग धरून ठेवण्यासाठी एखाद्याने चिकट द्रव्य वापरले असल्यास ते साध्या उष्णतेला लवकर दाद देत नाही.

== उष्णतेचे गणित ==

तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. एका अंश सेल्सिअस वाढीला ॲल्युमिनियमच्या लांबीत दहा लाखांत सुमारे २३ भाग, तर बेअरिंगाच्या पोलादाच्या लांबीत सुमारे १२ भाग वाढ होते.

२५.४ मिलिमीटर व्यासाचे मागील बेअरिंग आणि त्याची बैठक हे दोन्ही २५ अंशांवरून १५५ अंशांपर्यंत, म्हणजे १३० अंशांनी तापवले, तर बैठकीचा व्यास सुमारे ०.०७६ मिलिमीटरने आणि बेअरिंगाचा व्यास सुमारे ०.०४० मिलिमीटरने वाढतो. दोहोंतील फरक ०.०३६ मिलिमीटर होतो. मूळ घट्टपणा शंभराव्या भागाच्या आसपास असल्याने तो पूर्णपणे नाहीसा होऊन वर थोडी फट उरते. अशा स्थितीत निरोगी बेअरिंग स्वतःच्या वजनाने किंवा एका हलक्या आपटीने सुटते.

१९ मिलिमीटरच्या पुढील बेअरिंगासाठी हाच फरक सुमारे ०.०२७ मिलिमीटर येतो. व्यास जितका लहान, तितका उष्णतेचा लाभ कमी. म्हणून ०.१२ गटातील छोट्या इंजिनांत उष्णतेला अधिक काळजीपूर्वक दांड्याची जोड द्यावी लागते.

या गणितातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, बेअरिंग केसबरोबरच तापत असल्याने मिळणारी फट मर्यादित असते. केस बाहेरून झटपट तापवली आणि बेअरिंगापर्यंत उष्णता पोहोचण्याआधीच ठोका दिला, तर फट काहीशी अधिक मिळते. दुसरे, ओव्हनमधून काढलेली केस बाहेरून थंड होते आणि आतील बेअरिंग गरमच राहते. त्यामुळे फट काही क्षणांतच मिटते. विलंब झाल्यास अधिक जोरात न ठोकता केस पुन्हा तापवणे इष्ट ठरते.

== पूर्वतयारी ==

प्रथम इंजिनाची बाहेरील धूळ व माती ब्रशने स्वच्छ केली जाते. अन्यथा उघडताना ती आत पडते. त्यानंतर क्लच, गतिचक्र आणि त्यामागील पितळी शंकू काढतात. कार्ब्युरेटर काढून बाजूला ठेवणे अत्यावश्यक असते, कारण त्यातील प्लॅस्टिकचे भाग व रबरी कडी ओव्हनमध्ये टिकत नाहीत. सर्व स्क्रू योग्य मापाच्या एलन कीने सोडवावेत. झिजलेल्या कीने स्क्रूचे डोके गोल झाल्यास ते काढणे हेच स्वतंत्र काम होऊन बसते.

शीतक पात्यांचे डोके, ज्वलनकक्षाचे बटण आणि त्याखालील पातळ चकत्या क्रमाने काढल्या जातात. चकत्यांची संख्या व जाडी लिहून ठेवतात, कारण तिच्यावर इंजिनाचे संपीडन अवलंबून असते. मागील झाकण काढल्यावर स्लीव्ह वर खेचली जाते. ती घट्ट असल्यास पिस्टन खाली नेऊन उत्सर्जन द्वारातून प्लॅस्टिकच्या पट्टीचे टोक पिस्टनवर सरकवतात आणि शाफ्ट सावकाश फिरवतात. वर येणारा पिस्टन पट्टीसह स्लीव्ह उचलतो. येथे धातूचा स्क्रूड्रायव्हर वापरल्यास पिस्टनची कड कायमची बिघडते.

स्लीव्ह निघाल्यावर पिस्टन सर्वात खालच्या स्थितीत आणून जोडदांडा क्रँकच्या खुंटीवरून मागे सरकवला जातो आणि पिस्टनसह वरून बाहेर काढला जातो. शेवटी क्रँकशाफ्ट मागच्या बाजूने निघतो. तो अडत असल्यास पुढील आट्यांवर नट चढवून, आटे झाकून, लाकडी मोगरीने हलका ठोका देतात. कधी कधी मागील बेअरिंग शाफ्टबरोबरच बाहेर येते. तसे झाल्यास केसचा प्रश्न सुटतो. शाफ्टवरील बेअरिंग पातळ कडेच्या पुलरने वेगळे काढता येते.

सुटी झालेली केस ओव्हनमध्ये घालण्यापूर्वी इंधन व तेलाचा सर्व अंश धुवून, वाळवून काढला जातो. एरंडेलाचा जुना थर असल्यास केस इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंटमध्ये मंद आचेवर काही तास ठेवण्याची पद्धत प्रतिकृती विमानांच्या छंदात रूढ आहे. इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नये.

== काढण्याच्या पद्धती ==

=== उष्णता व आपटणे ===

बहुतेक बेअरिंगे या पहिल्याच पद्धतीने निघतात. रिकामी केस थंड ओव्हनमध्ये ठेवून तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते आणि त्या तापमानावर १५ ते २० मिनिटे राहू दिले जाते. नंतर जाड चामडी हातमोज्याने केस धरून तिचे मागील तोंड कोरड्या, कठीण लाकडी फळीवर सपाट आपटले जाते. केस फळीवर थांबते, पण सैल झालेले बेअरिंग आपल्या जडत्वाने खाली येत राहते आणि बाहेर पडते.

फळी लाकडाचीच असावी लागते. केसचे मागील तोंड हे झाकणाची बैठक असते. लोखंडी ठोकळ्यावर किंवा फरशीवर आपटल्यास त्या कडेला खड्डा पडतो आणि तेथून पुढे हवा गळते. आपटताना केस तिरकी झाल्यास बेअरिंग तिरपे होऊन अडकते. अशा वेळी ते पुन्हा सरळ आत दाबून, केस तापवून, सुरुवातीपासून प्रयत्न करतात.

तापमानाचा अंदाज घेताना चकाकत्या ॲल्युमिनियमवर अवरक्त तापमापकाने घेतलेले वाचन विश्वासार्ह नसते, कारण असा पृष्ठभाग फार कमी उष्णता उत्सर्जित करतो आणि तापमापक प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. पाण्याचा थेंब चरचरला, तर तापमान १०० अंशांच्या पुढे गेले एवढेच कळते. किती पुढे गेले ते कळत नाही. ओव्हनमधील साधा तापमापक याहून उपयुक्त ठरतो.

=== पुढील बेअरिंग ===

मागील बेअरिंग निघाल्यावर पुढील बेअरिंगाकडे जाण्याचा मार्ग मोकळा होतो. केस पुन्हा तापवून, पुढील तोंड खाली करून, मध्ये छिद्र असलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवतात. मागच्या बाजूने १० ते १२ मिलिमीटर जाडीचा लाकडी किंवा पितळी दांडा नळीतून आत घालून हलक्या ठोक्यांनी बेअरिंग पुढे ढकलले जाते. दांडा नळीपेक्षा किंचित बारीक आणि सरळ असावा, म्हणजे नळीच्या भिंतीवर ओरखडे येत नाहीत. या भिंतीवरच मिश्रणाची गळती रोखण्याचे काम अवलंबून असते.

=== आतून पकडणारा पुलर ===

दोन-तीनदा तापवूनही मागील बेअरिंग सुटले नाही, तर आतून पकडणारा पुलर वापरला जातो. त्याचे टोक उभे चिरलेले असून आत पाचर असते. टोक बेअरिंगाच्या आतील छिद्रात घालून पाचर आवळल्यावर ते फुगते आणि त्यावरील बारीक ओठ आतील कड्यामागे अडकतो. आतील कडे केसला घासू नये म्हणून त्यामागे थोडीशी मोकळी जागा ठेवलेली असते. ओठाला तीच पुरते. मग केसवर टेकलेल्या आडव्या पट्टीच्या आधाराने स्क्रू फिरवून, किंवा दांड्यावर सरकणाऱ्या वजनाचे ठोके देऊन, बेअरिंग सरळ रेषेत खेचले जाते.

येथे सर्व जोर आतील कड्याकडून छर्ऱ्यांवाटे बाहेरील कड्याकडे जातो आणि छर्ऱ्यांच्या मार्गावर बारीक खड्डे पडतात. म्हणून पुलरने काढलेले बेअरिंग चांगले दिसले, तरी पुन्हा वापरत नाहीत. पुलर असतानाही केस तापवणे सोडले जात नाही. थंड केसमधून खेचलेले कडे बैठकीचा ॲल्युमिनियम खरवडत बाहेर येते.

मोठ्या वाहनांच्या दुरुस्तीत आंधळ्या छिद्रातील बेअरिंगामागे ग्रीस भरून, त्यात दांडा ठोकून, दाबाने बेअरिंग बाहेर काढण्याची युक्ती वापरली जाते. नायट्रो इंजिनात ती सहसा उपयोगी पडत नाही. मागील बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडे असल्याने ग्रीस छर्ऱ्यांमधून निसटते, शिवाय नळीला कार्ब्युरेटरचे छिद्र असते.

=== केवळ बाहेरील कडे उरल्यास ===

पिंजरा तुटलेला असल्यास आतील कडे व छर्रे गळून पडतात आणि बैठकीत केवळ बाहेरील कडे उरते. ही सर्वांत अवघड स्थिती दिसते, पण तिला एक अनुकूल बाजूही आहे: छर्ऱ्यांची खोबण आता उघडी पडलेली असते आणि पुलरच्या नखांना तीत पकड मिळते.

केस तापवून लगेच कड्याच्या आतील बाजूलाच थंडावा दिल्यास कडे आकसते. बर्फात ठेवलेला, कड्यात सैल बसणारा पितळी ठोकळा त्यासाठी उपयोगी पडतो. कड्याचे तापमान केसपेक्षा ५० अंशांनी कमी झाले, तरी २५.४ मिलिमीटरच्या कड्यात सुमारे ०.०१५ मिलिमीटरची अधिक फट मिळते. नुसत्या उष्णतेने न सुटणारे कडे पुष्कळदा एवढ्याने सुटते.

सर्व उपाय थकल्यास अखेरचा मार्ग म्हणून लहान फिरत्या यंत्रावर घर्षणचकती लावून कड्याला आतून खाच पाडली जाते. बेअरिंगाचे पोलाद इतके कठीण असते की करवत किंवा साधे ड्रिल त्यावर चालत नाही. खाच कड्याच्या जाडीच्या जेमतेम आत थांबवायची असते. उरलेला पातळ भाग छिन्नीच्या हलक्या ठोक्याने तडकतो व कड्याचा ताण जातो. चकती ॲल्युमिनियमला लागली, तर बैठकीवर कायमची खूण राहते.

== टाळावयाच्या गोष्टी ==

* '''थेट ज्योत''': टॉर्चची ज्योत एकाच ठिकाणी उष्णता देते. पातळ केस असमान तापून वाकते आणि मिश्रधातूचे कठीणपण कमी होते. ओव्हन नसल्यास सर्व बाजूंनी फिरवत हीट गन वापरणे अधिक सुरक्षित असते.
* '''अति तापमान''': सुमारे २०० अंशांच्या वर जाण्याची गरज क्वचितच भासते. चिकट द्रव्याने बसवलेले बेअरिंग हा त्यातील मुख्य अपवाद होय.
* '''तरफेचा वापर''': स्क्रूड्रायव्हरचे टोक केसवर टेकवून बेअरिंग उचकटल्यास मऊ ॲल्युमिनियम दबते, बेअरिंग मात्र हलत नाही.
* '''थंड केसवर ठोके''': आवाज मोठा आणि हालचाल शून्य असल्यास अधिक जोराऐवजी अधिक उष्णता द्यावी लागते.

== बैठकीची तपासणी व नवे बेअरिंग बसवणे ==

बेअरिंग निघाल्यावर बैठक मऊ कापडाने पुसून पाहिली जाते. पांढरी पूड किंवा तेलाचा थर लाकडी काडीने काढतात. सँडपेपर वापरल्यास बैठक मोठी होते. जुन्या बेअरिंगाचे बाहेरील कडे चोहोबाजूंनी चकाकत असेल, तर ते बैठकीत फिरत होते असा निष्कर्ष निघतो. बैठकीचे झिजणे थोडे असल्यास बेअरिंग धरून ठेवणारे चिकट द्रव्य चालते. अधिक असल्यास केस बदलणे योग्य ठरते.

नवे बेअरिंग बसवणे हे काढण्यापेक्षा सोपे असते, आणि त्याचे कारणही उष्णतेच्या गणितातच आहे. काढताना बेअरिंग व केस दोन्ही गरम असतात; बसवताना केस गरम आणि बेअरिंग थंड ठेवता येते. १५० अंशांवरील केस आणि फ्रीझरमधील उणे १८ अंशांवरील बेअरिंग घेतल्यास २५.४ मिलिमीटर व्यासात सुमारे ०.०८६ मिलिमीटरचा फरक पडतो. काढताना मिळणाऱ्या फरकाच्या तो दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे सरळ धरलेले बेअरिंग ठोक्याविना आपल्या जागी उतरते. दव साचू नये म्हणून बेअरिंग बंद पिशवीत गार करतात.

दोन्ही बेअरिंगे पायरीला पूर्ण टेकली पाहिजेत. पुढील बेअरिंगाचे झाकण बाहेरच्या बाजूला येते. ते बसवताना तापमान माफक ठेवतात, कारण रबरी झाकण व प्लॅस्टिकचा पिंजरा जास्त उष्णता सोसत नाहीत. दाब द्यावाच लागला, तर तो केवळ बाहेरील कड्यावर दिला जातो. आतील कड्यावर दाब दिल्यास नवे बेअरिंग पहिल्या फेऱ्याआधीच खराब होते. केस निवल्यावर बेअरिंगांना तेलाचा थेंब देऊन शाफ्ट आत घातला जातो. तो स्वतःच्या भाराने सहज आणि निःशब्द फिरल्यास बेअरिंगे सरळ बसली, असे समजतात. खरखर जाणवल्यास इंजिन जोडण्यापूर्वीच केस पुन्हा तापवून बेअरिंग नीट टेकवावे लागते.

== सुरक्षितता ==

मिथेनॉल विषारी असून ते त्वचेतून व श्वासावाटेही शरीरात जाते. पोटात गेल्यास अंधत्व व मृत्यू ओढवू शकतो. त्याची वाफ सुमारे ११ अंशांपासूनच पेट घेऊ शकते आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. म्हणून इंधनाने ओली असलेली केस ओव्हनमध्ये किंवा हीट गनसमोर नेणे धोक्याचे असते. स्वच्छ केलेल्या केसमधूनही तापताना तेलाचा धूर येतो. या कामासाठी स्वयंपाकाचा ओव्हन टाळून जुना, वेगळा ठेवलेला छोटा ओव्हन हवेशीर जागी वापरणे श्रेयस्कर ठरते. चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा आवश्यक असतो. कठीण पोलादाचे कडे ठोक्याने फुटल्यास त्याचे तुकडे वेगाने उडतात.

== प्रतिबंध ==

बेअरिंग अडकण्याची सुरुवात बहुधा इंजिन बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होते. दिवसाअखेर टाकीतील इंधन काढून टाकणे, इंजिन पुन्हा सुरू करून नळीतील व केसमधील इंधन जळू देणे, आणि नंतर कार्ब्युरेटर व ग्लो प्लगच्या छिद्रातून पातळ संरक्षक तेलाचे थेंब सोडून शाफ्ट फिरवणे, ही नेहमीची देखभाल होय. या तेलामुळे उघड्या मागील बेअरिंगावर थर बसतो आणि आर्द्रता दूर राहते. दमट हवेत किंवा दीर्घकाळ न वापरलेल्या इंजिनाच्या बाबतीत ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते. अशी निगा राखलेल्या इंजिनातील बेअरिंग झिजल्यावर बदलावे लागते. मात्र ते काढण्यासाठी बहुधा एकदाच तापवणे आणि लाकडावरची एक आपट पुरेशी होते.

== हेही पहा ==

* छर्रा बेअरिंग
* टू-स्ट्रोक इंजिन
* औष्णिक प्रसरण
* मिथेनॉल
* नायट्रोमिथेन